येतो म्हण
शेंगाचटणी कुटल्याचा वास आला की सत्तरच्या दशकात केनियाहून आमच्या सोलापूरच्या कॉलेजात शिकायला आलेला मित्र आठवतो. पहिल्यांदा घरी जेवून तो "जातो" म्हणाला, तेव्हा आईने त्याला दटावले, "जातो न्हाय, येतो म्हणावं, लेकरा." तो "येतो" म्हणाला आणि शब्द दिला म्हणून संध्याकाळी खरेच परत आला. आई हसून हसून बेजार झाली, तिने पुन्हा ताट वाढले. शिक्षण संपल्यावर तो कायमचा मायदेशी निघाला. दारात मान खाली घालून म्हणाला, "आई, जातो." "आरं, येतो म्हण की!" "खोटं कसं बोलू, आई?" तो गेला आणि आई उंबऱ्यातच बसून राहिली. आता तीही नाही. पण शेवटच्या आजारातसुद्धा ती मला मधेच विचारायची, "नुसतं म्हणायला काय झालं असतं रं त्याला?"