शहाणं ॲप आणि आगाऊ ॲप

निवृत्त झाल्यावर माझ्या मैत्रिणी तीर्थयात्रेला गेल्या, मी स्पीकर घेतले. दोन उंच स्पीकर, एक ॲम्प्लिफायर आणि फोनवरचं गाणं त्यांच्यापर्यंत नीट पोचवणारी एक लहानशी डबी. मंगरूळपीरच्या आमच्या बैठकीच्या खोलीला हे जरा जास्तच झालं, मला मान्य आहे. नवऱ्यानं खोकी उघडताना पाहिली आणि विचारलं, "काहून वं, मंगल कार्यालय काढून राह्यली का?" माणूस शेतीतला, पण टोमणा मारायची संधी कधी सोडणार नाही. मी म्हटलं, जन्मभर शाळेत पोरांना ध्वनीचा धडा शिकवला, आता जरा तो ऐकू दे.

प्रश्न होता गाणी कुठून आणायची हा. अस्सल रेकॉर्डिंगच्या दर्जाचा आवाज देणाऱ्या दोन स्ट्रीमिंग सेवा मी निवडल्या. दोघींचा पहिला महिना फुकट, त्यातून एक ठेवायची. एकीचं नाव मी शहाणं ॲप ठेवलं. तंबोऱ्याची तार न् तार वेगळी ऐकू यायची, आणि मी लावलेलं संपलं की ते निमूट गप्प बसायचं. दुसरं आगाऊ. आवाज तोडीस तोड, जुन्या मराठी गाण्यांचा साठाही मोठा, पण माझं गाणं संपलं की ते आपल्या मनानं पुढचं लावायचं, मग त्याच्या पुढचं. मी पापड वाळत घालायला गच्चीवर जावं आणि खाली याचा कार्यक्रम दुपारभर चालू. ते थांबवायची सोय असणारच, पण ती शोधण्याआधीच मी त्याच्यावर रागावून बसले होते.

नवऱ्याला डोळे मिटायला लावून एकच बंदिश दोन्हींवर ऐकवली. त्यानं मन लावून ऐकल्यासारखं केलं आणि म्हणाला, "मले तं दोन्ही सारखेच वाटतात." मग शेलूबाजारच्या रस्त्यावरच्या आमच्या शेताकडे निघून गेला. त्याच्याकडून याहून जास्त अपेक्षा नव्हतीच. माझं मन शहाण्याकडे झुकलं होतं. सांगितलं तेवढं करणारी माणसं मला आवडतात, ॲपही तसंच हवं.

आमची आणि शेजारच्यांची भिंत एकच आहे. तिकडे काकाजी आणि काकू राहायचे. काकाजी एसटीचे ड्रायव्हर, निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली. पावसाळ्यानंतर त्यांनी अंथरूण धरलं होतं. आवाजाचा त्रास होतो का, हे काकूंना विचारू विचारू म्हणता राहून गेलं. आणि एका सकाळी काकाजी गेले.

आमच्याकडे शेजारी माणूस गेलं की तेरवी होईपर्यंत आजूबाजूच्या घरांतही टीव्ही, रेडिओ लागत नाही. कुणी कुणाला सांगावं लागत नाही. मी स्पीकरांवर जुनी साडी टाकली. घर शांत झालं आणि त्या शांततेत माझ्या डोक्यात भलतंच सुरू झालं. बारीक, उंच स्वर भिंत अडवते, जाडा आवाज मात्र पार होतो, हे मीच किती वर्षं फळ्यावर लिहून दिलं होतं. म्हणजे तंबोरा, गळा, हरकती सगळं माझ्या वाट्याला, आणि त्या आजारी माणसाच्या वाट्याला नुसती धमधम. तीही दुपारभर. शेवटचे दिवस त्यांना नीट झोपू दिलं की नाही मी?

नवऱ्याला हे बोलून दाखवलं. या वेळी त्यानं टोमणा मारला नाही. "काकूले विचारून घे. मनात धरून बसू नको," एवढंच म्हणाला. मी रोज पिठलं-भाकर घेऊन तिकडे जात होते. पण घर पाहुण्यांनी भरलेलं, काकू मुलींच्या मध्ये बसलेल्या, आणि माझी जीभ काही उचलत नव्हती.

तेरवी झाली, पाहुणे पांगले. त्यानंतर एका दुपारी काकू स्वतःच आल्या. खुर्चीत बसल्या, पाणी प्यायल्या, साडीनं झाकलेल्या स्पीकरांकडे पाहून म्हणाल्या, "काहून वं पोरी, अजून झाकूनच ठेवलं?"

आता विचारलं नाही तर कधीच विचारणार नाही, हे मला कळलं. म्हणून विचारलं, "काकू, माझ्या गाण्यांचा काकाजींना फार त्रास झाला का?"

"तरास?" काकूंनी माझ्याकडे नीट पाहिलं. "खाट भिंतीले लावून घेतली व्हती त्याईनं. पोरगा म्हणे, बाबा, खिडकीपाशी हवा येते. तं आयकलंच नाही."

काकू पुढे सांगत राहिल्या. "तुह्यं एखांद्या दिवशी थोडंसंच वाजे अन् बंद होये. मंग ते माह्याकडं असे पाहत, जसं मीच बंद केलं. अन् ज्या दिवशी एकामागून एक वाजतच राहे, त्या दिवशी मले म्हणत, आज लांब पल्ल्याची गाडी हाये, झोप तू बिनघोर."

मी रडले, आणि काकूंसमोरच रडले. त्यांनी पदरानं माझं तोंड पुसलं. खरं तर ते मी त्यांचं करायला हवं होतं. शाळेच्या निरोपाला मला शाल मिळाली, भाषणं झाली, ती मी विसरलेसुद्धा. या बाईनं आपल्या दुःखातून उठून, माझ्या दारी येऊन मला जे दिलं, त्याबद्दल मी तिची जन्मभर ऋणी आहे.

शहाणं ॲप मी त्याच दुपारी काढून टाकलं. साडी बाजूला केली आणि म्हटलं, "बसा काकू, लावते. इथं जवळून छान ऐकू येतं."

"नाही वं," काकू गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. "मी तिकडूनच आयकीन. खाट पोराईनं खिडकीपाशी नेऊन टाकली हाये, ते पहिले जागेवर आणतो. तू लाव."

मी आगाऊ ॲपवर एक जुनं भावगीत लावलं. ते संपलं, दुसरं आपोआप सुरू झालं, आणि भिंतीपलीकडे खाट सरकताना ऐकू आली.