मनकर्णेची झील

मनकर्णा ढिवरीण रागीट आहे, हे कोसमगढात कुणाला सांगावं लागत नसे. बाजारात एखाद्यानं मासा दोनदा उलटापालटा करून पाहिला, की ती विचारायची, ‘काऊन जी, पोरगी पाह्याले आले काय?’ माणूस मुकाट्यानं मासा घेऊन चालू लागायचा. पण कार्तिक लागला की हीच बाई निराळी व्हायची. दिवस कलला की राखेनं हात घासायचे, मासळीचा वास जाईपर्यंत धुवायचे, धुवट लुगडं नेसायचं आणि गढीतलं राजदेऊळ गाठायचं. नवी नवरी म्हणून या गावात आली तेव्हापासून तिचा हा नेम होता. पुढं नवरा गेला, लेकी आपापल्या घरी गेल्या, पण नेम काही सुटला नाही.

देऊळ विठ्ठल-रखुमाईचं. राजेसाहेबांच्या पणजोबांनी बांधलेलं. काळ्या दगडाचे जाडजूड खांब, वर बुटकं छत, त्यामुळे गाणाऱ्याचा आवाज बाहेर न जाता आतल्या आत घुमायचा. आधीचे राजेसाहेब सतरंजीवर मांडी घालून बसायचे आणि त्यांच्यामागं सारं गाव. डाव्या हाताच्या पायरीवर बायका, आणि बायकांच्या पुढं मनकर्णा.

भजन म्हणायचा शालिकराम. धानाची शेती करणारा, अंगानं काडीसारखा माणूस, पण स्वतः अभंग रचायचा. त्याचा डोंग्याचा, म्हणजे होडीचा, अभंग तर गावातल्या लेकराबाळांना पाठ होता:

डोंगा माझा जुना, पैलतीर लांब
हाकेला रे थांब, पांडुरंगा

शालिकराम पहिली ओळ म्हणून थांबायचा. मग दुसरी ओळ बायकांनी उचलायची. याला झील धरणं म्हणतात. ही झील मनकर्णेची. ती ‘हाकेला रे’ म्हणून आवाज टाकायची आणि साऱ्या बायका तिच्यामागून यायच्या. तिच्या लेखी ऐकणं म्हणजे हेच होतं. समोरच्यानं हाक दिली आणि आपण ओ दिली नाही, तर आपण ऐकलं कशावरून?

मग जमीनदाऱ्या गेल्या. राजेसाहेब नुसते नावाचे राजे उरले, आणि आता गादीवर आलेले नवीन राजेसाहेब तर वयानंही कोवळे. त्यांचे कारभारी गुणवंतराव मात्र होते तसेच राहिले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात तो असा. चांद्याच्या साहेबलोकांत गढीचं वजन कसं राहील, याचीच त्यांना रात्रंदिवस काळजी. त्या काळजीतून त्यांनी एक टूम काढली. कार्तिकाच्या शेवटी दहीहंडीचा काला व्हायचा, त्याच्या आदल्या सांजेला देवळात संगीत सभा करायची. नागपूरचे मोठे गवई आणायचे, साहेबांना बोलवायचं.

गावाला आनंदच झाला. मोठ्या गवयाचं भजन ऐकायला मिळणार म्हणून मनकर्णेनं त्या दिवशी बाजारही अर्ध्यावर सोडला. शेजारच्या चंदाबाईला आणि ढिवरवाड्यातल्या बायकांना घेऊन ती गढीत पोचली, तर देवळाच्या दारात गुणवंतराव उभे.

‘बायकांनो, इथीच बसा. बाहेर,’ ते म्हणाले.

‘काऊन जी? आमची पायरी हाये ना आतमंदी.’

‘आज पायरी नाई. आज साहेबलोक हायेत.’

मनकर्णेनं त्यांच्या खांद्यावरून आत पाहिलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. सतरंजी गुंडाळून कोपऱ्यात टाकली होती. विठ्ठलासमोर खुर्च्या मांडल्या होत्या आणि त्यांत साहेब पायांवर पाय टाकून, पायमोजे घालून बसले होते. ज्या देवासमोर राजा जमिनीवर बसला, त्या देवासमोर हे खुर्चीत! राजेसाहेबही त्यांच्यातच, अवघडल्यासारखे. आणि शालिकराम? शालिकराम दाराबाहेर, चपलांच्या शेजारी. चाळीस कार्तिक त्या देवळात गायलेला माणूस चपला राखायला बसवल्यासारखा बसला होता, आणि वर हसून म्हणत होता, ‘जाऊ दे बाई, ऐकू तं येतेच ना इथून.’

तिला त्या हसण्याचाच जास्त राग आला.

गाणं सुरू झालं. गवई चांगले होते, ते ती नाकारणार नव्हती. आवाज खांबांतून असा फिरत होता की चंदाबाईच्या अंगावर काटा आला. पहिलं भजन संपलं आणि आत एकदम टाळ्यांचा कडकडाट झाला. बायका दचकल्या. टाळी वाजवायची ती भजनासोबत, ठेक्यावर. भजन संपल्यावर कोण वाजवतं? शेतात धान भरलं की पाखरं हाकलायला तेवढ्या अशा टाळ्या पिटतात.

‘आतमंदी पाखरं घुसले का काय वो?’ चंदाबाईनं विचारलं.

‘घुसले ना,’ मनकर्णा म्हणाली, ‘खुर्च्यावर बसले हायेत.’

दुसरं भजन गवयांनी शांतपणे उचललं. ओळ म्हणाले, पुन्हा म्हणाले, आणि शेवटावर येऊन थांबले. आत कुणी हललं नाही. साहेब माना डोलवत बसले होते. ती थांबलेली ओळ मनकर्णेला सोसवेना. कुणी दारात येऊन हाक मारतंय आणि घरात माणसं असून कुणी उठत नाही, असं तिला झालं. ठरवून नव्हे, पण तिचं तोंड उघडलं आणि ओळीचा शेवट तिनं उचलला. बाहेरून, उंबऱ्याच्या अलीकडून, पण असा उचलला की मागून चार बायका आपसूक आल्या.

गाणं बंद पडलं.

‘ते बाहेरचं आधी थांबवा,’ गवई आतून म्हणाले. ‘त्याशिवाय मला गाता यायचं नाही.’

साहेबांपैकी कुणीतरी हसलं. गुणवंतराव लालबुंद होऊन बाहेर आले.

‘अक्कल हाये का नाई तुले? हे भजन नोहे, गाणं होय! ऐकाचं असन तं तोंड बंद ठेवून ऐक. नाई तं जा तलावावर, मासे मार!’

त्यांनी दार लावून घेतलं. मनकर्णेनं बायकांना उठवलं आणि ती घरी निघाली. वाटेत ती म्हणाली,

‘उद्या काला हाये ना? उद्या आपण सांगतल्यावाणी करू. तोंड बंद ठेवू.’

बायकांना आधी हसू आलं, मग त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. सकाळपर्यंत हा निरोप विहिरीवरून, घाटावरून, पुरुषांच्या चिलमीपर्यंत पोचला. शालिकरामाला मात्र कुणी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो हातापाया पडला असता, आणि मनकर्णेला ते बघायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी देऊळ नेहमीसारखं भरलं. सतरंजी पुन्हा अंथरली होती. साहेबलोक काल्याला थांबले नव्हते, त्यामुळे आज गाव चालत होतं! दह्याची हंडी वर टांगली होती. राजेसाहेब आपल्या जागी बसले आणि गुणवंतरावांनी देवाचा जयजयकार केला.

कुणी ओ दिली नाही.

गुणवंतरावांना वाटलं, ऐकू गेलं नसेल. त्यांनी पुन्हा घसा ताणला. सारं गाव त्यांच्याकडे नीट, आदरानं बघत बसलं होतं. शालिकरामाला काही कळेना. त्यानं टाळ उचलले आणि आपला अभंग धरला.

‘डोंगा माझा जुना, पैलतीर लांब...’

तो थांबला. त्यानं पायरीकडे पाहिलं, मनकर्णेकडे. मनकर्णा ओठ घट्ट मिटून बसली होती. तो पुन्हा म्हणाला, पुन्हा थांबला, आणि त्याचा आवाज कापला. त्याचं ते तोंड पाहून तिला वाटलं, या गरिबाचा काय गुन्हा? पण ती बोलली नाही. तिला गुणवंतरावांचा जेवढा राग होता, तेवढाच आता स्वतःचाही आला, आणि दोन्ही गिळून ती बसून राहिली.

‘म्हणा ना बाईहो!’ गुणवंतराव ओरडले. ‘काऊन गप्प बसल्या?’

‘तुमीच तं म्हटलं भाऊ,’ ती म्हणाली. ‘तोंड बंद ठेवून ऐका म्हणून. ऐकून राह्यलो.’

‘ते कालच्यापुरतं होतं!’

तेव्हा ती उठली. ‘बाईचा गळा म्हंजे कंदील होय काय जी? वात वर केली का पेटला, खाली केली का इझला? काल साहेबाले आमचा आवाज घाण वाटला, आज देवाले पाह्यजे? अन् या शालिकरामाले चपलापाशी बसवलं, ते कोन्या शास्त्रात लिवलं हाये?’

गुणवंतरावांनी राजेसाहेबांकडे पाहिलं. आता राजेसाहेब दरडावतील, माणसं लावून बाईला बाहेर काढतील, असं साऱ्यांना वाटलं. पण ते खाली मान घालून बसले होते. मग ते शालिकरामाला हळूच म्हणाले, ‘बुवा, ओळ म्हणा.’

शालिकरामानं ओळ म्हटली. आणि राजेसाहेबांनी झील धरली. एकट्यानं. आयुष्यात कधी गायलेले नव्हते. आवाज बारीक, सूर कुठल्या कुठं. ‘हाकेला रे थांब’ म्हणताना मध्येच घसा बसला. एक पोरगी फिसकन हसली. शालिकरामानं पुन्हा ओळ दिली, राजेसाहेबांनी पुन्हा एकट्यानं उचलली. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. बायका मनकर्णेकडे बघत होत्या. तिनं राजेसाहेबांना एकट्यानंच गाऊ दिलं. आपण आवाज टाकावा आणि भरल्या देवळात कुणी साथ देऊ नये, हे काय असतं ते त्यांना नीट कळू द्यावं, असं तिला वाटत होतं.

मग शालिकराम पुन्हा ओळीच्या शेवटाला आला, आणि मनकर्णेनं झील उचलली. ‘हे शालिकरामासाठी हाये,’ असं ती आधी चंदाबाईला बजावून म्हणाली. मागून बायका आल्या, पुरुष आले, खांब घुमायला लागले. चंदाबाई पुढं कितीतरी वर्षं सांगायची की इतक्या वर्षांत मनकर्णेचा असा आवाज कधी लागला नव्हता. लोकांना वाटलं, बाईचा राग गेला. पण चंदाबाई शेजारी बसली होती, तिला ठाऊक होतं. राग गेला नव्हता. राग गेला असता तर एवढा आवाज निघालाच नसता.