लालीचा उपास

तार आली तेव्हा मी सासरी, देऊळगाव राजाला, मुलांना जेवायला वाढत होते. काशीमावशी गेली... हातातला डाव तसाच राहिला. आणि खरं सांगते, रडू येण्याआधी मनात आलं, आता लालीचा उपास कोण धरणार?

लाली म्हणजे मावशीच्या दारची तांबडी कुत्री. लग्नाआधी मी सोनाळ्याला मावशीकडेच होते. तेव्हा लाली दोनदा व्याली आणि दोन्ही वेळा पिल्लं पोट फुगून, एकेक करून गेली. मावशी त्यांना परसात पुरायची आणि मग दिवसभर कोणाशी बोलायची नाही. शेवटी तिनं गुरांच्या डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, "जंत आहेत. आईकडूनच पिल्लांना जातात. आधी हिला औषध द्या, पण त्याआधी पोटात काही नको. आणि हिची घाण रोजच्या रोज पुरत जा."

आता आमच्या आळीत घरोघर शेवटची भाकर कुत्र्याची. मावशीनं लालीला उपाशी ठेवलं खरं, पण बांधलं नाही. बाईसाहेब दारोदार जेवून आल्या आणि पाजलेलं औषध भाकरीसकट ओसरीवर उलटून मोकळ्या झाल्या!

पुढच्या वेळी मावशीनं तिला खांबाला बांधलं आणि आळीभर सांगत फिरली, "आज माह्या लालीले भाकर टाकू नोका." शेजारच्या सखूबाई चिडल्या. "मुक्या जीवाले उपाशी ठेवतं काय व? पाप लागते!"

"मंग मी बी जेवत नाही आज. पाप अर्धं अर्धं."

घरी येऊन तिनं लालीचं जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, वाडगं घासून पालथं घातलं, आणि शेजारी स्वतःचं ताटही पालथं घातलं. मावशीचे यजमान, आमचे काकाजी, हसून लोटपोट. "हा कोन्या देवाचा उपास हाय बाई?"

"जंतोबाचा. तुमी जेवून घ्या."

काकाजी जेवले, वर मुद्दाम मोठ्ठी ढेकर दिली. मावशीनं ढुंकून पाहिलं नाही.

त्या खेपेची पिल्लं जगली. डॉक्टर सांगतील तसं त्यांनाही औषध मिळालं. सकाळी उठून मावशी प्रत्येकाच्या पोटाखालून हात फिरवायची, आणि पोट मऊ लागलं की तिचा चेहरा असा काही उजळायचा... घरातल्या मनी मांजरीलाही जंताचं औषध द्यायचं होतं, पण ती त्याला तोंड लावेना. मावशीनं ते तिच्या पंजालाच फासलं. मनीनं चाटून चाटून साफ केलं. "लय टापटिपीची हाय," मावशी म्हणाली. पुढे लालीला औषध द्यायचं असलं की मावशीचा उपास ठरलेला. कोणी कितीही आग्रह करो. मला तिचं हे वेड फार फार आवडायचं. ते तिला कधी सांगितलं नाही.

परवा सोनाळ्याला जाऊन आले. मावशीला जाऊन महिना होत आला होता. लाली आता म्हातारी झाली आहे, तोंड पांढरं पडलंय. खांबाला बांधलेली होती. मी पिठलं-भाकरी केली आणि काकाजींना हाक मारली. ते जागचे हलले नाहीत.

"बरं वाटत नाही का?" मी विचारलं.

"तसं काई नाही. लालीचं औषध हाय आज. तू जेवून घे."

मी ओसरीवर पाहिलं. लालीच्या पालथ्या वाडग्याशेजारी काकाजींचं पितळी ताट पालथं घातलेलं होतं.