पिवळी पुरवणी

आमच्या घरात तिला सगळे सुईमावशी म्हणत. ती माझ्या आईची मावशी. चौतीस वर्षं तिनं एका बाइंडिंगखान्यात पुस्तकं शिवली, म्हणून हे नाव. पाहुण्यांना वाटायचं, ही टोचून बोलत असणार. तीही त्यांना कधी निराश करायची नाही.

ती पूर्वी लिहायची, हे मला आईकडून कळलं. भांडी घासता घासता आई म्हणाली, मावशीला लहानपणी दमा होता असं सांगावं तितक्याच सहज. बाकीचं मी मावशीकडूनच काढून घेतलं, तुकड्यातुकड्यानं, आणि दर वेळी आधी तिच्या शिव्या खाऊन.

तेविसाव्या वर्षी ती भावाकडे राहत होती. घरातल्या इस्त्रीचं काम तिच्याकडे होतं आणि इस्त्री करता करता डोक्यात जे चालायचं ते ती लिहून काढायची. अशा सात गोष्टी झाल्या. सातवी सगळ्यांत चांगली, असं तिचंच मत. एक बाई दुपारभर अकरा शर्टांना इस्त्री करते, एवढंच त्यात होतं. प्रत्येक शर्टाबरोबर तिचं मन कुठेतरी जातं, कॉलरपाशी परत येतं, आणि अकरावा शर्ट झाल्यावर ती पहिला पुन्हा पाण्यात बुडवते. संपली गोष्ट.

त्या वेळी एक मोठं मासिक निघायचं. त्यात नव्या धर्तीचं लेखन यायचं. एक गृहस्थ चौदा पानं खिडकीत बसून सिगारेट ओढतो, काहीही घडत नाही, आणि मग त्यावर पुढचे तीन अंक चर्चा. मावशीनं ते वाचलं आणि तिला धीर आला. तिनं गोष्टी पाठवल्या. संपादकांचं उत्तर आलं की आपल्या लिखाणात गोष्ट अशी सापडत नाही, तरी पुरवणीत जागा आहे.

पुरवणी म्हणजे अंकाच्या शेवटी टाचलेली आठ पिवळी पानं. खास बायकांसाठी. पातळ कागद, वेगळे पृष्ठक्रमांक, आणि कागद वाचवायचा म्हणून समास न सोडता मजकूर अगदी कडेपर्यंत भरलेला. डाग काढायच्या युक्त्या आणि स्वेटरचे नमुने यांच्यामध्ये सात महिने मावशीच्या गोष्टी आल्या. कोणाचं पत्र आलं नाही. घरच्या प्रती भावजयीनं फडताळात अंथरल्या. “वन्सं, तुमच्या गोष्टींवर डबे अगदी सपाट बसतात बघा,” ती म्हणाली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं, असं मावशी पुढेही म्हणायची. डबे खरंच सपाट बसायचे.

आठवी गोष्ट तिनं लिहिली नाही. बाइंडिंगखान्यात जागा निघाली, ती तिथे लागली.

तिथले मास्तर पाठीत वाकलेले, हाताला कायम खळीचा वास. पहिल्याच दिवशी त्यांनी तिला बजावलं, “शिवणाऱ्यानं वाचायचं नसतं, बाई. वाचलं की हात चुकतो.” अकरा वर्षं तिनं हे पाळलं. जुने अंक यायचे; पिना काढायच्या, पानांचे क्रमांक लावायचे, एकेक फर्मा, म्हणजे घडीच्या पानांची जुडी, पाठीत दोऱ्यानं ओवून पुढच्याशी बांधायचा. मुखपृष्ठं, जाहिराती आणि पुरवण्या फाडून टाकायच्या. तसा नियमच होता. त्या रद्दीवर खळ फासायचं काम चालायचं.

मग एके सकाळी मोठ्या ग्रंथालयाकडून गठ्ठे आले. तेच मासिक, वीस वर्षांचं.

पहिली पिवळी पानं तिनं मुकाट्यानं फाडली. ती तिची नव्हती. पण तिच्या गोष्टींचं वर्ष जवळ येत चाललं तसे तिचे हात मंदावले. जेवणाच्या सुट्टीत तिनं मास्तरांना विचारलं, की या एका वर्षाच्या पुरवण्या राहू दिल्या तर. मास्तर म्हणाले, क्रमांक तुटतो, तपासनीस खंड परत धाडतो, आपलं काम जातं. तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि थेट ग्रंथपालांकडे गेली.

ग्रंथपाल सभ्य माणूस. त्यांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं. ती म्हणाली की पुरवण्यांमध्ये काही गोष्टी आहेत. कोणाच्या, त्यांनी विचारलं.

“माझ्या,” मावशी म्हणाली. अकरा वर्षांत हे तिनं पहिल्यांदा कोणाला सांगितलं.

ग्रंथपालांचा चेहरा खुलला. “अरे वा. मग तुमच्या घरी असतीलच की.”

तिला फडताळातले डबे आठवले. ती पाणी पिऊन परत आली.

सहा गोष्टी तिनं स्वतःच्या हातानं फाडल्या. सातवी फाडली नाही. अकरा शर्टांची ती आठ पानं तिनं खंडाच्या बरोबर मधोमध, दोन जाड फर्म्यांच्या कुशीत शिवली. एक तरी गोष्ट, नावासकट, ग्रंथालयाच्या कपाटात. कोणीतरी कधीतरी दुसरंच काही शोधत येईल आणि पान उलटेल. तिला तेवढंच हवं होतं.

पण शिवताना ती वाचत होती. प्रत्येक टाक्याला एक ओळ. समास मोजल्याशिवाय कधी फर्मा हातात न घेणाऱ्या बाईनं त्या दिवशी समास मोजला नाही.

दुपारी खंड कटिंगला गेला. त्या वर्षाच्या कडा उंदरांनी कुरतडलेल्या होत्या, म्हणून मास्तर म्हणाले, करंगळीच्या नखाएवढं जास्त घ्या. पांढऱ्या पानांना भरपूर समास होता. पिवळ्यांना नव्हताच. कटिंगवाल्यानं चाक फिरवून खंड दाबला आणि त्या क्षणी मावशीच्या ध्यानात आलं. ती चार पावलांवर उभी होती. थांबा म्हटलं असतं तर मास्तरांनी का विचारलं असतं, दोरा उसवला असता, पिवळी पानं खळीखाली गेली असती. तिनं तोंड उघडलं. मग मिटलं.

पातं खाली आलं.

पांढऱ्या कातरणात चार पिवळ्या पट्ट्या पडल्या. मास्तरांनी त्यांतली एक उचलली, डोळ्यांजवळ धरली, मग मावशीकडे पाहिलं. “कचरा भरून घ्या, बाई,” एवढंच म्हणाले आणि खंड पुठ्ठा चढवायला पुढे सरकवला. मावशीनं कचरा भरला. पट्ट्या एप्रनच्या खिशात गेल्या.

खंड कपाटात लागला. त्यातल्या पिवळ्या पानांवर एका बाजूला ओळींचे शेवट नव्हते, पाठीमागच्या बाजूला सुरुवाती नव्हत्या. सुट्टीच्या दिवशी मावशी वाचक म्हणून गेली, खंड मागवला, सुयांच्या डबीतून पट्ट्या काढल्या आणि एकेका पानाच्या कडेला लावून पाहिल्या. बसल्या. तिनं गोष्ट अथपासून इतिपर्यंत वाचली. टेबलावरच्या शिपायानं हटकलं, काय मोजताय हो बाई.

“शर्ट,” मावशी म्हणाली.

खंडाच्या शेवटी एक चिठ्ठी चिकटवलेली असायची, वाचकानं सही करायची. पुढच्या चाळीस वर्षांत तिच्यावर सोळा सह्या झाल्या. सोळाही तिच्याच.

ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची असताना मी तिला पुन्हा तिथे घेऊन गेले. आता खंड मिळत नव्हते, पडद्यावर बघायचे होते. काउंटरवरच्या मुलीनं ते वर्ष उघडून दिलं. चारशे बारा पान आलं, मग चारशे तेरा. मी मागेपुढे केलं. मधे काही नव्हतं. मुलीनं नोंद शोधून वाचून दाखवली: आठ पानं, क्रमांकात न बसणारी, चुकून शिवलेली, छायाचित्रण केलं नाही. मूळ खंड कुठे आहेत, मी विचारलं. ते गेल्या वर्षीच रद्दीत गेले होते. दुसऱ्या कुठल्या ग्रंथालयात हे मासिक असेल, तर तिथेही बांधताना पुरवण्या काढलेल्याच असणार, असंही तिनं समजुतीनं सांगितलं.

मावशीनं एकच विचारलं. “शिवण सुटली होती का त्या पानांची?”

मुलीनं नोंद पुन्हा पाहिली. तसं काही लिहिलेलं नव्हतं.

“सुटणार नाहीच,” मावशी म्हणाली आणि काठी घेऊन उठली.

घरी आल्यावर तिनं सुयांची डबी माझ्यापुढे ठेवली. पट्ट्या आता तपकिरी झाल्या होत्या, गुंडाळलेल्या. मी एक सरळ करून वरून खाली वाचली, मोठ्यानं. ‘ली.’ ‘वर.’ ‘कॉल.’ ‘ही.’ ‘ता ता.’ ‘ओलं.’ ‘ली.’ ती डोळे मिटून ऐकत होती. तळापर्यंत पोचल्यावर मी विचारलं, मधलं काही आठवतंय का, मी लिहून घेते.

तिचे ओठ एकदा हलले.

“आता सांगेन ते आजचं होईल,” ती म्हणाली. “ते नको.”

मग तिनं डबी माझ्या हातातून घेतली, पट्ट्या बाजूला सारून सुया मोजल्या, आणि म्हणाली, या तुझ्या आईला दे, गंजलेल्या नाहीत अजून.