पंपावर डोस गेला होता

१४ जुलै, सोमवार. बालरोगतज्ज्ञांच्या केबिनमध्ये हजर: मी, नवरा मिलिंद, आमची चार वर्षांची मुक्ता आणि तिला दिवसभर सांभाळणाऱ्या सुरंगी गावच्या सुमनमावशी.

डॉक्टर म्हणाले, "टाइप वन डायबेटिस." म्हणजे शरीर इन्सुलिन बनवणं थांबवतं, ते आयुष्यभर बाहेरून द्यावं लागतं. मावशींनी घाबरत विचारलं, गूळशेंगदाण्यांनी झालं का? डॉक्टरांनी नाही म्हणून सांगितलं.

पहिले काही महिने रोज चार इंजेक्शनं. मुक्ता पलंगाखाली लपायची. मग वापीच्या डॉक्टरांनी इन्सुलिन पंप सुचवला. छोटंसं यंत्र, त्याची बारीक नळी पोटावर चिकटवलेल्या सेटमधून कातडीखाली जाते. सेट दर तीन दिवसांनी बदलायचा. मुक्ता पंपाला "माझा मोबाइल" म्हणते आणि कुणाला हात लावू देत नाही.

मी फ्रिजवर यादी लावली: किती पोळी, किती ग्रॅम कर्बोदकं, किती युनिट. मावशींना बटणं शिकवली. यादीत तेल नव्हतं. मावशी रोज आंघोळीआधी तिला खोबरेल चोळतात; ते औषध नाही, म्हणून मी डॉक्टरांनाही सांगितलं नव्हतं.

एका गुरुवारी आंघोळीनंतर मी घाईत सेट बसवला आणि शाळेत शिकवायला गेले. अकराला साखर ३१०. मावशींना फोनवरून डोस द्यायला सांगितला. एकला ३९०. पुन्हा डोस. पंपावर दोन्ही डोस गेल्याची नोंद होती.

मी म्हटलं, "मावशी, खरं सांगा, काय खाऊ घातलंत?"

"काही नाही, ताई. यादीतलंच."

मी आणखी दोनदा विचारलं.

घरी पोचले तर मुक्ताला उलट्या. मावशी तिला कडेवर घेऊन उभ्या होत्या. "फ्रॉक ओला आहे हिचा," त्या म्हणाल्या. "दवाखान्यासारखा वास येतोय."

तेलकट कातडीवरून सेट सुटला होता. इन्सुलिन फ्रॉकमध्ये झिरपत होतं.

रक्तात कीटोन वाढले होते. इन्सुलिन नसलं की शरीर चरबी जाळतं, त्यातून कीटोन तयार होतात आणि रक्त आम्लधर्मी होतं. दोन दिवस सलाइन. आमच्या घरात झालं ते तुमच्याही घरात होऊ शकतं, म्हणून डॉक्टरांचे शब्द तसेच देते: "एका डोसानं दोन तासांत साखर उतरली नाही, तर पंपावर विसंबू नका. इंजेक्शनच्या पेननं इन्सुलिन द्या, सेट बदला, कीटोन तपासा." सेटच्या दिवशी तेल नाही. जागा साबणानं धुवायची, पूर्ण कोरडी करायची.

मुक्ता आता बरी आहे. मावशींनी वास ओळखला नसता तर मी तिसरा डोस दिला असता.

मावशी येतात, पण आता पाणी द्यायलाही मला फोन करतात. काल विचारलं, अर्धं केळं देऊ का? मी ग्रॅम सांगितले आणि फोन ठेवला.

जादा पेन आणलं. सेट मागवले. मुक्ता पुढे जाणार त्या शाळेच्या बाईंना पंप दाखवला. मावशींची माफी अजून मागितलेली नाही.