न शिकवलेली मोळी

तिसगावजवळच्या सत्यशीलाबाई दरवर्षी नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जातात. तोडलेल्या उसाची मोळी बांधण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. ही विद्या त्यांनी एकुलत्या एक लेकीला, मोनिकाला, मात्र कटाक्षाने शिकवली नाही. हंगामात तिला शाळेसाठी मामाकडे ठेवलं. पोरीला मोळी यायला लागली की मुकादम तिला टोळीत घ्यायला विचारायला येतो, पाठोपाठ ऊसतोड्या जावई येतो आणि शाळा सुटते, असा त्यांचा अनुभव.

जाऊ पुष्पावती टोमणा मारायची, "पोरीला साधी मोळी येत न्हाई. कोन करील तिला?"

"कुनीच न्हाई करनार," सत्यशीलाबाई समाधानाने म्हणायच्या.

यंदा मोनिकाला नगरला नर्सिंगला प्रवेश मिळाला. दोघी जावा तिला सोडायला स्टँडवर आल्या. मोनिकाने स्वतः बांधलेली वळकटी एसटीत चढवतानाच सुटली आणि गोधडी दारातच पसरली.

"बाई, लेकीला गाठ तरी शिकवायची!" कंडक्टर वैतागला.

सत्यशीलाबाईंचे हात सवयीने पुढे झाले. मग त्यांनी ते पदरात गुंडाळून घेतले.

"तुझं तूच बांध."

मोनिकाने ओढणीने कशीबशी गाठ मारली. बस हलली.

"लई वाईट गाठ हाय," सत्यशीलाबाई जावेला म्हणाल्या आणि बस दिसेनाशी होईपर्यंत हसत राहिल्या.