आवणीला जेली-ब्रेड

आवणीला आलेल्या बायकांना मी दुपारच्या जेवणात जेली-ब्रेड घातला.

हे वाक्य बायकोसमोर मला अजून पुरतं म्हणता आलेलं नाही. 'जेली'पर्यंत पोचायच्या आत ती उठून आत जाते. म्हणून इथं एकदाच सबंध लिहून टाकलं.

साखरशेतजवळ आमची भाताची थोडी खाचरं आहेत. मी जव्हारला शाळेत विज्ञान शिकवतो, आणि चिखलात वाकायची वेळ आली की माझी कंबर नेमकी धरते. म्हणून आवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायला, तिथल्याच पाड्यावरची एक मावशी दरवर्षी बायका घेऊन येते. मजुरी ठरलेली असते, तिच्यावर कोणी फार बोलत नाही. खरं बोलणं होतं ते जेवणावर. ज्याचं शेत त्यानं दुपारी बांधावर पोटभर वाढायचं. नाचणीची भाकरी, डाळ, सुकटीचं कालवण आणि मागाल तेवढा भात. कोणाचं कालवण पातळ होतं हे पाड्यावर पुढच्या पावसापर्यंत लक्षात राहतं.

गेल्या पावसाळ्यात मावशीचा आदल्या दिवशी फोन आला. तिची सून बाळंतपणानंतर पहिल्यांदाच कामाला येणार होती. नात चार-पाच महिन्यांची. वजन भरेना म्हणून दवाखान्यात राहून नुकतीच घरी आलेली.

"पोरगी अंगावर पिते, गुरजी. तिचं सगळं आयच्या दुधावर हाय. जेवान पोटभर असंल तर सुनेला आणते, नायतर घरीच ठेवते. आताच सांगा."

"मावशी, एकदम पौष्टिक जेवण!" मी म्हणालो.

आमच्याकडं पोरांची वजनं हा गमतीचा विषय नाही. पोरं भुकेनं दगावली त्या वावर गावाचं नाव निघालं तर चहाच्या टपरीवरसुद्धा आवाज खाली येतो. हे मला ठाऊक होतं. तरी मी तो शब्द असा टाकला, जसा काही दाराशी आलेल्याला खडीसाखरेचा खडा देतोय.

नेमकी त्याच संध्याकाळी बायको तापानं फणफणली. पडल्या पडल्या तिनं सगळं सांगितलं. शेजारच्या काकूंना भाकऱ्या थापायला सांगा, सुकट वरच्या डब्यात आहे, डाळ तुम्हीच शिजवा, तेवढी जमेल. पण शेजारी सांगायला जायची मला लाज वाटली, आणि मी डोकं चालवलं. माझं डोकं चालायला लागलं की घरातली शहाणी माणसं बाजूला होतात. ती तर झोपलीच होती.

नाक्यावर माझ्या वर्गमित्राचं दुकान आहे. तो म्हणाला, "जेली ने की! फळाची असते. माझी नातवंडं दुसरं काही तोंडात घेत नाहीत." नातवंडं दुसरं काही खात नाहीत ही तक्रार आहे की शिफारस, हे मी त्याला विचारायला हवं होतं. मी बाटली बघत बसलो. लालभडक. कागदावर मुठीएवढ्या स्ट्रॉबेऱ्या आणि उडी मारणारं एक गुबगुबीत पोर. आहाराचा धडा मला तोंडपाठ. ब्रेडमधून कर्बोदकं, फळातून जीवनसत्त्वं, साखरेतून तातडीची ताकद. प्रथिनं कुठून मिळतात, हा प्रश्न मी वर्गात हटकून विचारतो. दुकानात तो मला पडलाच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायका हातपाय धुऊन बांधावर बसल्या. मी मोटरसायकलवरून ब्रेडच्या पिशव्या आणि जेलीची बाटली उतरवली, तुकड्यांना जेली फासली आणि वाटायला लागलो. मावशीनं ब्रेडचे दोन तुकडे वेगळे केले, आतला लाल लेप पाहिला, पुन्हा मिटवले.

"आन जेवान?"

"हेच जेवण, मावशी."

मग एकजण म्हणाली, "मला वाटलं चहासंगटचं हाय."

यावर गप्प बसावं की नाही? मी शिकवायला लागलो. ताकद, जीवनसत्त्वं, फळ. ओल्या हातांत ब्रेडचा लगदा होत होता, तो टाळूला चिकटत होता, आणि त्या बायका माझ्याकडं बघत चघळत होत्या. जे होतं ते संपलं. सुनेनं बोटावरची जेली चाटली आणि आणखी काही येईल म्हणून पिशवीकडं पाहिलं. त्यात काही नव्हतं.

पुन्हा काम सुरू झालं. थोड्या वेळानं सून रोपाची जुडी हातात घेऊन मटकन बांधावर बसली. डोळ्यांपुढं अंधारी आली होती. झाडाला बांधलेल्या झोळीत पोरगी रडायला लागली, तशी तिनं तिला अंगाशी घेतलं. पोरगी ओढायची, सोडायची आणि रडायची. पुन्हा ओढायची.

मला राग आला. आधी कोणाचा, तर त्या बायकांचाच. एवढं प्रेमानं आणलं आणि ह्यांची तोंडं बघा! असा विचार माझ्या डोक्यात आला, हे लिहितानाही कानशिलं तापतात. मग हाताला काहीतरी हवं म्हणून मी बाटली उचलली आणि मागचा कागद लांब धरून वाचला. चष्मा नव्हता, तरी पहिला शब्द दिसला. साखर. मग पाणी, मग घट्ट करणारं काही, आंबट करणारं काही, रंग, वास. फळाचा रस होता. पण इतक्या मागच्या बाकावर, की माझ्या वर्गात असता तर वर्षभरात मी त्याचं तोंड पाहिलं नसतं.

मग खरी आग लागली. त्या उडी मारणाऱ्या गुबगुबीत पोराला धरून या झोळीसमोर उभं करावंसं वाटलं. दाभोशाचा धबधबा बघायला गाड्या येतात, वाटेत काच खाली करून पाड्यावरच्या पोरांना ब्रेड-बिस्किटं वाटतात, फोटो काढतात, जातात. दर रविवारी टपरीवर मी त्यांना शिव्या घालतो. नाचणीच्या मुलखात येऊन मैदा वाटता? पोट भरल्यासारखं करून वर पुण्य घेऊन जाता? ऐकणारे माना डोलावतात, कोणीतरी माझ्या चहाचे पैसेही देतं. आणि आता तीच गाडी माझ्या मोटरसायकलच्या रूपानं बांधावर उभी होती. गाडीवाल्यांनी निदान 'पौष्टिक' म्हणून शब्द दिला नव्हता. तो मी दिला होता, आणि त्या शब्दावर विसंबून ही बाई तान्ही पोर घेऊन चिखलात उतरली होती.

मी ती बाटली सगळा जोर लावून भिरकावली. ती न लावलेल्या खाचरात भप्पकन रुतली आणि दिसेनाशी झाली.

वाकलेल्या बायका सरळ झाल्या.

"काचेची होती?" मावशीनं विचारलं.

"हो."

"तठं उघड्या पायांनी कोण जाणार हाय आता?"

"काढतो."

"काढाच."

पँट वर खोचून मी उतरलो. काम थांबलं. माझ्यापायी थांबलं. चिखलात कोपरापर्यंत हात घालून मी चाचपत होतो आणि बांधावरून सूचना येत होत्या. "आणखी वाका, गुरजी! वाकल्याबिगर आवणी होत नाय!" हशा पिकला. मावशी हसली नाही. तिनं एकीला आपल्या घरी पिटाळलं होतं.

ती बाई टोपलीत भाकऱ्या आणि उडदाचं कालवण घेऊन आली. पहिलं पान सुनेपुढं गेलं. ती मान वर न करता जेवत होती, आणि पोरगी मावशीच्या खांद्यावर तोवर रडतच होती. सुनेनं मग तिला परत पदराखाली घेतलं. बऱ्याच वेळानं रडणं थांबलं. दूध मिळून थांबलं, की रडून रडून दमून, हे विचारायची माझी छाती झाली नाही. आजतागायत झालेली नाही.

बाटली सापडली तेव्हा माझ्या कानापर्यंत चिखल होता. डोळ्यांपुढं काजवे चमकत होते. दुपारी मीही तेच खाल्लं होतं. कसाबसा बांधावर चढलो, टोपलीशेजारी टेकलो आणि एका भाकरीकडं हात नेला.

मावशीनं टोपली स्वतःकडं ओढून घेतली.

"तुमाला कशाला? तुमी पौष्टिक खाल्लंय."